सतराच्या पाढ्याला उठणारा संगणक

“सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न…”

पडदा अजून काळाच होता. तिसरी-चौथीची पोरं टेबलाभोवती दाटीवाटीनं उभी होती. चौथीतली रेश्मा झोरे टेबलाच्या कडेवर एका बोटानं ताल धरत होती, प्रत्येक ओळीला एक टिचकी. भिंतीपलीकडून पहिली-दुसरीचा आवाजही आमच्यात मिसळला होता.

“सतरा पंचे पंच्याऐंशी, सतरा सक…”

पडद्यावर निळं आभाळ आणि हिरवी टेकडी उमटली. पोरांनी श्वास सोडला.

“उठला एकदाचा,” नितेश कोकरे म्हणाला. “आज सतराच्या अर्ध्यातच उठला, गुरुजी. काल अठराला लावलं होतं त्यानं.”

“काल आपण भरभर म्हणत होतो,” मी म्हणालो. “यंत्र तेवढंच सावकाश आहे.”

कोळेमाथ्याची आमची शाळा दोन खोल्यांची. शिक्षक दोन, वर्ग चार. पठारावर वारा फार, घरं मोजकी, आणि सगळी धनगरांची. कराडच्या एका कचेरीतून जुना झालेला संगणक आम्हाला मिळाला, तेव्हा तो वर आणायला वस्तीतली निम्मी माणसं खाली उतरली होती. त्याच्यावर माझ्या बायकोच्या जुन्या लुगड्याचं झाकण असायचं. सुरू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा, की पोरं कंटाळून एकमेकांना चिमटे काढायला लागायची. म्हणून मी पाढे सुरू केले. बेपासून वर चढायचं, आणि चित्र दिसलं की थांबायचं. पुस्तकातले दहाच्या पुढचे पाढे म्हटलं की पोटात दुखणारी ही पोरं संगणकापुढे उभी राहिली की तेरा, चौदा, पंधरा घडाघडा म्हणायची. लहानांना तर वाटायचं, पाढे म्हटल्याशिवाय तो उठतच नाही. मीही त्यांना फारसं खोडून काढलं नव्हतं.

त्याचा एक मानही होता. बटण दाबलं की थोड्या वेळानं काळ्या पडद्यावर इंग्रजीतल्या दोन-तीन पांढऱ्या ओळी येत आणि यंत्र अडून राही. मग वरच्या रांगेतलं एफ-टू हे बटण दाबायचं, की ते पुढे सरके. आणून बसवणाऱ्या माणसानं जाता जाता सांगितलं होतं, “हे असं आलं की हे दाबा,” आणि आम्ही दाबत आलो होतो. ते बटण दाबायची पाळी रोज एकाची. ज्याची पाळी तो हात धुऊन यायचा. दाबून झालं की मी म्हणायचो, “हं, बे एके बे.”

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तेजस गुरव आमच्याकडे आला. पंचविशीतला पोरगा, कोल्हापूरकडचा. ढेबेवाडीत खोली घेऊन मोटारसायकलीवरून वर यायचा. पहिली-दुसरी त्याच्याकडे दिली. माझ्या आधीच्या जोडीदार शिक्षकाची बदली झाल्यापासून मी चारही वर्ग एकटा हाकत होतो, त्यामुळे तो आला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आठवडाभर वाटलं.

मग एक दिवस माझ्या टेबलावर आवळे नव्हते.

थंडीत पोरं शाळेत येताना रानातून आवळे आणायची आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात ठेवायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, वर्षानुवर्षं तसं चालत आलं होतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत पाहिलं, तर गुरवाच्या खिडकीत आवळ्यांची रांग. तो पोरांबरोबर कबड्डी खेळून धुळीनं माखून आला आणि त्यातला एक उचलून माझ्यापुढे धरला.

“घ्या गुरुजी, गोड आहेत.”

“आवळा गोड नसतो,” मी म्हणालो.

“पाणी प्यायलं की लागतो ना.”

पोरं हसली. माझी पोरं. मला ती ‘गुरुजी’ म्हणायची आणि त्याला ‘सर’. आधी यात काही आहे असं मला वाटलं नव्हतं. पण ‘सर’ म्हणताना ती धावत जायची आणि ‘गुरुजी’ म्हणताना उभी राहायची, हे मला त्या दिवसापासून दिसायला लागलं.

घरी हे सांगायचं नव्हतं, पण जेवताना गुरवाचं नाव माझ्या तोंडून कितीदा निघालं कोण जाणे. सुलभानं भाकरी वाढता वाढता विचारलं, “अहो, मी ऐकलं होतं सवतीमत्सर बायकांनाच होतो.”

“काय संबंध?”

“काही नाही. भाजी घ्या.”

संगणकाची गोष्ट त्यानंतरची. एका दुपारी गुरव माझ्या खोलीत आला आणि संगणकाकडे बघत उभा राहिला.

“गुरुजी, याला सुरू व्हायला एवढा वेळ का लागतो माहीत आहे?”

“जुना आहे.”

“जुना आहे, पण एवढा नाही. तुमचं पाढ्यांचं सतरापर्यंत जातं. मी भिंतीपलीकडून ऐकतो रोज. त्यातले दहा-बारा पाढे तर विंडोज सुरू व्हायच्याही आधी जात असणार. बघू का जरा?”

पोरं तिथंच होती. नाही म्हणायला कारण नव्हतं. त्यानं यंत्र बंद केलं, परत चालू केलं आणि लगेच एक बटण टकाटक दाबत राहिला. निळ्या रंगाचं एक पान उघडलं, नुसत्या इंग्रजी ओळींचं. आजवर ते मी कधी पाहिलं नव्हतं.

“ही याची स्वतःची खोली,” तो पोरांना म्हणाला. “विंडोज वगैरे यायच्या आधी यंत्र इथं जागं होतं आणि स्वतःचे हातपाय तपासून घेतं. आता बघा हं. हे कचेरीतलं मशीन ना? तिथं एक मोठं मशीन असायचं, सगळ्यांचा मुकादम. हे उठलं की आधी तारेवरून मुकादमाला हाक मारतं. ओ येईल म्हणून थांबतं. येत नाही. परत हाक मारतं. परत थांबतं.”

“आन् मुकादम कुठाय?” नितेशनं विचारलं.

“कराडला.”

“आयला. मग कसा येईल ओ?”

“तेच तर. याला घडवतानाच तशी सवय लावलीय. आपण ती काढू. मुकादम नको, फ्लॉपी नको, मेमरी तीन-तीनदा मोजणं नको. उठलास की थेट कामाला लाग.”

चार-पाच ठिकाणी बदल करून त्यानं ते पान बंद केलं, संगणक बंद केला आणि पुन्हा बटण दाबलं. सवयीनं पोरांनी सुरू केलं, “बे एके बे…” पाचाच्या पाढ्यात, ‘पाच सक तीस’ला, निळं आभाळ आलं.

 मग जो कल्ला झाला तो धनगरवाड्यापर्यंत गेला असेल. नितेश गुरवाच्या पाठीवर चढायचा बाकी होता.

“पुढचे पाढे राहिले,” मी म्हणालो.

माझं कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते गुरवानं. तो वळून म्हणाला, “गुरुजी, मी म्हणत होतो, संगणकाचा तास माझ्याकडे दिला तर? मला त्यातलं जरा येतं. तुमच्यावरचा भारही कमी होईल.”

भार हा शब्द मला लागला. पण पोरं आ वासून माझ्याकडे बघत होती, म्हणून मी हसून म्हणालो, “पुढच्या शुक्रवारी केंद्रप्रमुख डुबल साहेब येताहेत. त्यांच्यासमोर पाढे दहाच्या आत थांबले, तर तास तुमचा. संगणकाचं सामान असतं त्या कपाटाची किल्लीही देतो.”

“ठरलं?”

“ठरलं. सगळी साक्षीला आहेत.”

तो तास गेला तर माझ्याकडे काय उरणार होतं ते मला नीट ठाऊक होतं. भाषा, गणित, परिसर हे सगळं मी आधीपासून शिकवत होतोच. पण चारही वर्गांचा आवाज एक होऊन माझ्या मागे यायचा, तो फक्त त्या काळ्या पडद्यापुढे.

संध्याकाळी नेहमीसारखं झाकण घातलं आणि निघताना मेन स्विच पाडला. पठारावर वीज फार पडते. काही वर्षांपूर्वी वळवाच्या एका गडगडाटात शाळेचा मीटर आणि टीव्ही दोन्ही जळाले होते. तेव्हापासून शेवटचा माणूस निघताना मेन बंद करणार, हा नियमच होता. आणि शेवटचा माणूस नेहमी मीच असायचो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर रेश्माची पाळी होती. हात धुऊन आली, बटण दाबलं. पांढऱ्या ओळी आल्या, तिनं एफ-टू दाबलं.

“बे एके बे…”

पाच आला, गेला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दहा गेला. बाराला भिंतीपलीकडून पहिलीचा आवाज येऊन मिळाला. सतराला आभाळ आलं.

 मी शांतपणे म्हणालो, “पुस्तकं काढा.”

मधल्या सुट्टीत गुरव आला. “गुरुजी, मी सतरापर्यंत ऐकलं. असं कसं?”

“तुम्ही केलेलं टिकलं नाही दिसतं.”

त्यानं पुन्हा ते निळं पान उघडलं. सगळं जुन्यासारखं झालेलं. डोकं खाजवत त्यानं परत बदललं, बंद करून चालू केलं, आणि यंत्र पाचाच्या पाढ्याला उठलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा सतराला. तिसऱ्यांदाही तेच. दिवसा तो करायचा, सकाळी मोडलेलं असायचं.

“सर, तुमच्या औषधाचा गुण एकाच दिवसाचा,” नितेश त्याला म्हणाला. गुरव हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या दिवशी माझ्या टेबलावर दोन आवळे होते. मी ते खाल्ले.

नितेशनं आणखीही एक काढलं होतं. चित्रं काढून झाल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघत तो म्हणाला, “गुरुजी, ह्यो रोज एक जानेवारीच का दाखवतोय? ह्याची जन्मतारीखपण तुम्हीच टाकली का?”

वर्ग खो खो हसला. कारण वस्तीतल्या जवळजवळ सगळ्यांची जन्मतारीख एक जून होती. पोरगं कधी जन्मलं हे आईबापाला सांगता आलं नाही, तर दाखल करून घेताना आम्ही गुरुजी लोक एक जून लिहायचो. नितेशची मीच लिहिली होती, त्याच्या बापाचीही.

“त्याचे आईबाप आले नव्हते दाखल करायला,” मी म्हणालो. पोरं पुन्हा हसली, आणि तारखेची गोष्ट तिथंच राहिली.

बुधवारी शाळा सुटल्यावर गुरव थांबला. पोरं उताराला लागली होती.

“गुरुजी, एक विचारतो. राग मानू नका.”

“विचारा.”

“मी गेल्यावर कुणी हात लावतं का याला?”

“झाकण मी घालतो.”

“तसं नाही. सेटिंगला.”

मी झाकणाची घडी उलगडत होतो, ती तशीच हातात राहिली. “मला ते निळं पान उघडताही येत नाही, गुरव.”

“मी तसं म्हणत नाही.”

“मग कसं म्हणताय?”

त्यानं यंत्राकडे बोट केलं. मग म्हणाला, “उद्या सकाळी मी इथं येऊन उभा राहतो. चालू होताना एकदा समोर बघायचंय मला. मी करतो तेव्हा सगळं बरोबर असतं.”

“आणि तुमचा वर्ग?”

“पाच मिनिटं.”

“पहिलीची पोरं पाच मिनिटं मोकळी सोडायची नसतात. ओढ्यापर्यंत जाऊन येतील.”

हे खरंच होतं. पण माझ्या नकाराचं कारण ते नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं असावं. सकाळची ती वेळ माझी होती. त्या वेळी तो त्या खोलीत मला नको होता.

“बरं,” तो म्हणाला आणि मोटारसायकलीला लाथ मारून निघून गेला. मी मेन पाडला, कुलूप लावलं.

गुरुवारी सकाळी पुन्हा रेश्माची पाळी आली. मुलं थोडी, त्यामुळे पाळी लवकर फिरायची. तिनं यंत्राचं बटण दाबलं. पांढऱ्या ओळी आल्या. तिचं बोट एफ-टूवर गेलं आणि तिथंच थांबलं.

“दाब की,” नितेश म्हणाला.

“थांब. वाचतेय.”

रेश्मा वाचणारी पोर. दुकानातून आलेल्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकायची नाही. पहिलीपासूनचं इंग्रजी तिनं अक्षरन् अक्षर धरून ठेवलं होतं. ती बोट पडद्याजवळ नेऊन एकेक अक्षर जुळवत होती. “बी, ए, टी, टी… बॅटरी. गुरुजी, बॅटरी म्हणजे आमच्या आबाची रात्री मेंढराकडं न्यायची, तीच ना?”

“तीच.”

“मग हिथं का लिवलंय बॅटरी? पुढं लो हाय. लो म्हंजे कमी, तुम्हीच शिकवलंय. ह्याच्यात बॅटरी हाय व्हय?”

मी पुढे झालो. चष्मा खिशातून काढून लावला. त्या ओळी रोज माझ्या डोळ्यांपुढून जात होत्या, पण त्या मी वाचल्या नव्हत्या. देवळाच्या दारावरचा मजकूर कोण वाचतो? घंटा वाजवायची आणि आत जायचं.

पहिल्या ओळीत होतं, बॅटरी संपत आली आहे. दुसरीत, तारीख आणि वेळ लावलेली नाही. तिसरीत, मूळची सेटिंग, म्हणजे डीफॉल्ट, भरून पुढे जायचं तर एफ-टू दाबा.

मी तिसरी ओळ पुन्हा वाचली. एक जानेवारी आठवला. संध्याकाळचा मेन स्विच आठवला. आणि सगळं एकात एक बसलं, जसा बाकी न उरता भागाकार सुटतो. यंत्राच्या पोटात कुठंतरी एक लहान सेल असणार, घड्याळात असतो तसा. वीज नसताना तारीख आणि सेटिंग त्यानं जपून ठेवायची. तो मेला होता. मी संध्याकाळी मेन पाडला की यंत्र सगळं विसरायचं, सकाळी तसं सांगायचं, आणि आम्ही हात धुऊन त्याला म्हणायचो, बरं, जुनंच चालू दे.

शुक्रवार उद्यावर आला होता.

“काय लिवलंय, गुरुजी?” रेश्मा म्हणाली.

‘कंपनीचं काहीतरी आहे, दाब तू.’ एवढं म्हटलं असतं तर तिनं दाबलं असतं. पोरांनी बे एके बे सुरू केलं असतं. उद्या डुबल साहेबांसमोर सतरा झाला असता आणि गुरव मान खाली घालून उभा राहिला असता. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण रेश्मा मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं प्रश्न विचारला होता, तोही बरोबर. असा प्रश्न पोरं वर्षातून एखाद्याच वेळी विचारतात.

“फळा पुस,” मी नितेशला म्हणालो.

मी त्या तिन्ही ओळी फळ्यावर लिहिल्या आणि शब्द फोडून त्यांचा अर्थ लावला. डीफॉल्ट म्हणजे काय, ते समजावताना वस्तीतल्या गंगीच्या शेरडाचं उदाहरण दिलं. सोडलं की ते जुन्याच गोठ्यात जातं, कितीही नव्या ठिकाणी बांधा.

नितेश फळ्याकडे बघत बसला होता. मग हळूच म्हणाला, “म्हंजे गुरुजी, गुरव सरांनी केल्यालं आपुनच पुसत हुतो व्हय? रोज? हात धुऊन?”

“होय.”

“आन् मेन तुमी पाडता.”

“होय. मी पाडतो.”

वर्गात कुणी हसलं नाही. रेश्मा म्हणाली, “मग सरांना सांगाय पायजे.”

“तूच जा,” मी म्हणालो. “प्रश्न तुझा आहे. त्यांना बोलावून आण आणि वाचून दाखव.”

ती पळत गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. गुरव दारात येऊन थांबला. मी ‘आत या’ म्हणेपर्यंत त्यानं उंबरा ओलांडला नाही. रेश्मानं पडद्यावरच्या ओळी त्याला वाचून दाखवल्या, मी सांगितलेला अर्थ शेरडासकट सांगितला.

गुरवानं कपाळावर हात मारून घेतला. “मी दुपारी करतो तेव्हा हे येतच नाही. वीज असते ना. आणि मेन पडतो, हे मला…” तो माझ्याकडे वळला. “गुरुजी, सेल मिळाला की झालं. घड्याळजीकडेही मिळेल.”

“शाळा सुटल्यावर जाऊ,” मी म्हणालो. “ढेबेवाडीत माझ्या ओळखीचा आहे एक.”

उतारावरून त्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून मी पहिल्यांदाच गेलो. वारा थंड होता.  घाटाच्या वळणावर तो मान किंचित मागे वळवून म्हणाला, “मी तुमच्यावर संशय घेतला.”

“समोर बघून चालवा.”

“खरं सांगू का? सेलचं मला पहिल्याच दिवशी सुचायला पाहिजे होतं. शिकलोय मी ते. पण माझं डोकं यंत्राकडे नव्हतंच.”

“मग कुठं होतं?”

“भिंतीकडे.” त्यानं गाडीचा वेग कमी केला. “रोज सकाळी मी पहिलीला बाराखडी घेत असतो. तुमचा पाढ्यांचा आवाज आला की माझी पोरं माझा फळा सोडून भिंतीकडे तोंड करून बसतात. तुमच्याबरोबर म्हणायला लागतात. मी उभा असतो खडू घेऊन. सतरापर्यंत. कबड्डी खेळतो, आवळे खातो, सगळं करतो, पण ती भिंतीकडेच बघतात.”

  त्याच्या पाठीमागे बसलो होतो, माझं तोंड त्याला दिसत नव्हतं, हे मला बरं वाटलं.

घड्याळजीनं डब्यांतून शोधून सेल काढून दिला, रुपयाच्या नाण्याएवढा, चकचकीत. तो मी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. रात्री सुलभानं खिसे तपासले. “हे काय आणलंत?”

“सवतीसाठी,” मी म्हणालो. ती पोटभर हसली.

शुक्रवारी डुबल साहेब यायच्या आत गुरवानं यंत्राचा पत्रा उघडला. आतला जुना सेल रेश्माकडून काढून घेतला, नवा तिच्याकडूनच बसवून घेतला. तारीख लावली. निळ्या पानावरचे बदल केले. मग यंत्र बंद करून माझ्याकडे पाहिलं. मी मेन पाडला. सगळे थोडं थांबलो. मी मेन वर केला.

डुबल साहेब आले, हजेरी पाहिली, खिचडीची चव घेतली. मग चारही वर्ग माझ्या खोलीत बोलावले. भिंतीपलीकडची पोरं पहिल्यांदाच भिंतीच्या अलीकडे, संगणकापुढे बसली.

“हं, तुमचं यंत्र दाखवा,” साहेब म्हणाले. “ऐकलंय फार कुंभकर्ण आहे म्हणून.”

पाळी दुसरीतल्या एका लहानगीची होती, मंगल तिचं नाव. पहिल्यांदाच पाळी आलेली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. तिनं बटण दाबलं आणि एफ-टूवर बोट धरून उभी राहिली. पांढऱ्या ओळींची वाट बघत.

ओळी आल्याच नाहीत. यंत्र कुणाला काही न विचारता पुढे गेलं. तिचं बोट हवेतच राहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच सांगितलं, राहू दे.

“बे एके बे,” मी म्हणालो.

सगळ्या खोलीनं उचललं. एवढा मोठा आवाज आमच्या शाळेत पूर्वी कधी झाला नव्हता. बे झाला, तीन झाला, चार झाला. डुबल साहेब मान डोलवत होते. रेश्माचं बोट टेबलाच्या कडेवर टिचक्या मारत होतं.

“पाच चोक वीस, पाच पंचे पंचवीस, पाच सक तीस…”

निळं आभाळ आलं.

आवाज तिथंच तुटला. सगळी तोंडं पडद्याकडे वळली, मग गुरवाकडे. पहिलीची पोरं उठून त्याच्या हाताला लोंबकळली. साहेब म्हणाले, “अरे वा, हे तर आमच्या कचेरीतल्यापेक्षा चपळ आहे. कुणी केलं?”

“रेश्मानं,” गुरव म्हणाला. “आणि गुरुजींनी.”

पण पोरं ओरडत होती, “सरांनी, सरांनी,” आणि ते चूकही नव्हतं.

मी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर, गुरवाच्या हाताजवळ ठेवली. त्यानं ती लगेच उचलली नाही. मी मागे सरकून दाराच्या चौकटीला टेकलो. गुरवानं पोरांना जवळ घेतलं आणि चित्र कसं उघडायचं ते दाखवायला लागला. त्याला चांगलं शिकवता येत होतं. हे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि ते बघणं सोपं गेलं नाही.

पाढा अर्धा राहिला होता. पाढा सुरू केला की मध्येच सोडायचा नसतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येक पोराला मीच सांगितलेलं होतं. मी ओठ मिटूनच पुढे म्हणायला लागलो. पाच साती पस्तीस. पाच आठी चाळीस.

रेश्माची पाठ माझ्याकडे होती. तीही सगळ्यांसारखी पडद्याकडे बघत होती, गुरव काय सांगतो ते ऐकत होती. पण टेबलाच्या कडेवर तिचं बोट थांबलं नव्हतं. पाच नवे पंचेचाळीसला एक टिचकी पडली, आणि पाच दाहे पन्नासला शेवटची.